पिच : पांढरी पाच

बाजारात त्यांना सगळे पट्टीवाले म्हणत. नवख्या माणसाला ते 'पट्टेवाले' असं ऐकू यायचं. मग तो त्यांच्या हातात पाकीट देऊन 'एवढं वर साहेबांना द्या' म्हणायचा. पट्टीवाले पाकीट घेऊन वर जायचे, खुर्चीत बसायचे आणि ते फोडायचे. वर साहेबही तेच होते. यात त्यांना कधी काही गमतीचं वाटलं नाही.

चष्म्याच्या दुकानाशेजारून एक अरुंद जिना वर जातो. वर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत वाद्यांची दुरुस्ती चालते. मुख्यतः पेट्या, अधूनमधून एखादा अकॉर्डियन. पेटीच्या पोटात पितळेच्या बारीक पट्ट्या असतात. हवा गेली की त्या थरथरतात आणि सूर निघतो. पट्टी टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, जास्त घासली की पट्टी वाया जाते. बत्तीस वर्षं ते हेच करत आले. वर्तमानपत्रावर पट्ट्या ओळीनं मांडायच्या, एक उचलायची, वाजवून कानाशी न्यायची, दोनदा कानस फिरवायची, परत ठेवायची.

गाणाऱ्याच्या आवाजाची उंचीही पट्टीतच सांगतात. पेटीवरची चौथी काळी पट्टी ज्याचा सा, तो काळी चारमध्ये गातो. कुणी माणूस पहिल्यांदा भेटला की पट्टीवाले आधी मनातल्या मनात त्याच्या बोलण्याची पट्टी ठरवायचे, मग नाव विचारायचे, मग नाव विसरायचे. पट्टी मात्र दहा वर्षांनीही लक्षात असायची.

कौतुकाचे त्यांच्याकडे दोनच शब्द होते. वाद्य नीट झालं की 'लागलं'. माणूस नीट गायला की 'बेसूर नाही'. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, आमटी कशी झालीय म्हणून विचारलं होतं. 'वाईट नाही,' असं उत्तर आलं. काकू सांगतात, तो प्रश्न त्यांनी नंतर कधी विचारला नाही आणि मीठही कधी मोजून घातलं नाही.

आतली खोली म्हणजे रेकॉर्ड कंपनी. भिंतींना जुन्या गाद्या टेकवलेल्या, एक माइक, एक काँप्युटर, एक स्टूल. खाली चष्मेवाल्याचं भिंगं घासायचं यंत्र सुरू असलं की गाद्यांतूनही घर्र ऐकू यायचं. म्हणून गाणं दुपारी एक ते तीनमध्येच घ्यायचं, चष्मेवाला जेवून आडवा होतो तेव्हा. कंपनी कॅसेटच्या काळातली. तेव्हा पाच गायक होते. एक परदेशी गेला, एकाला मोठ्या कंपनीनं उचललं, दोघांनी गाणंच सोडलं. उरल्या कॅशियरबाई.

कॅशियरबाईंनी तीस वर्षं बँकेच्या काचेमागे बसून लोकांना 'पुढचे' म्हटलं. नोकरी संपली तरी जिभेचं वळण गेलं नाही. एक गाणं गाऊन झालं की त्या माइकसमोर 'पुढचं' म्हणायच्या, आणि पट्टीवाल्यांना दर वेळी तेवढं कापावं लागायचं. बाई स्वतःच गाणी लिहायच्या, स्वतःच चाल लावायच्या. पट्टीवाल्यांना त्या 'मालक' म्हणायच्या. कंपनीत मालक म्हणण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो एका रकान्यामुळे.

मी एका मधल्या कंपनीत होते. छोट्या रेकॉर्ड कंपनीला गाणी ऐकवणाऱ्या ॲपवाल्यांच्या दारात थेट उभं राहता येत नाही. दार नेमकं कुठे आहे हेच तिला माहीत नसतं. ती आमच्यासारख्या मधल्या कंपनीकडे गाणं, चित्र आणि एक फॉर्म देते, आम्ही ते सगळ्या ॲपवर चढवतो. चढवणं सोपं आहे. ऐकलं जाणं अवघड, कारण रोज हजारो गाणी चढतात. म्हणून ॲपवाल्यांच्या याद्या असतात. स्वयंपाक करताना ऐकायची गाणी, झोप येत नसताना ऐकायची गाणी, असं काहीही. यादीत लागलं की गाणं अनोळखी माणसांच्या घरात जातं. नाही लागलं तर गायकाच्या नातेवाइकांच्या घरात जातं, आणि तिथेही सगळ्यांच्या नाही.

याद्या करणारे संपादक सगळी गाणी ऐकू शकत नाहीत. ते आधी फॉर्म वाचतात. फॉर्मात एक मोठा रकाना असतो, त्याच्यावर लिहिलेलं असतं 'पिच'. पाचशे अक्षरांत सांगायचं की हे गाणं काय आहे, कुणाचं आहे, आणि बाकीची हजारो सोडून हेच का ऐकावं. गाणं बाहेर पडायच्या बरोबर सात दिवस आधी तो फॉर्म बंद होतो. बाहेर पडलेल्या गाण्याची पिच पुन्हा देता येत नाही.

फॉर्म पूर्ण भरलेत का ते बघणं माझं काम होतं. एका बुधवारी सकाळी एक फॉर्म उघडला, तर पिचच्या रकान्यात दोनच शब्द : 'पांढरी पाच'.

"पांढरी पाच काय?" शेजारच्या टेबलावरचा म्हणाला. "मांजरं?"

"टॅक्सीचा नंबर असेल," पलीकडचा म्हणाला.

मी त्या कंपनीचे जुने फॉर्म काढले. सहा वर्षांत अडतीस गाणी. पहिल्या चोवीस गाण्यांच्या पिचमध्ये 'काळी चार'. पुढच्या चौदांत 'पांढरी पाच'. एक शब्द जास्त नाही. आमच्या यंत्रणेनं प्रत्येकावर 'माहिती अपुरी' असा शेरा मारून फॉर्म पुढे ढकलला होता, आणि शेरा मारल्याचं कंपनीला कळवायची सोय यंत्रणेत कुणी ठेवली नव्हती.

आळशी माणूस एकच शब्द सगळीकडे चिकटवून मोकळा होतो. इथे कुणीतरी पंचविसाव्या गाण्याला विचार करून उत्तर बदललं होतं. मी शाळेत दोन वर्षं पेटी शिकले होते, म्हणून काळी चारच्या लगेच खाली पांढरी पाच असते एवढं माहीत होतं. गायिकेचा आवाज वयानं अर्धा स्वर उतरला होता आणि कंपनीनं ते न लपवता कळवलं होतं.

मी फोन केला.

"पिचमध्ये तुम्ही पांढरी पाच लिहिलंय," मी म्हटलं.

"पांढरी पाचच आहे. कोण नाही म्हणतंय?"

"काका, तिथे पट्टी नसते लिहायची."

"पिच म्हणजे पट्टी. डिक्शनरीत आहे."

"हो, पण या फॉर्मात पिच म्हणजे..."

"तुम्ही काळी पाचमध्ये बोलताय," ते म्हणाले. "आणि घाबरलात की वर जाताय. इकडेच या. फोनवर नीट लागत नाही."

मी दुपारी गेले. पट्टीवाले वर्तमानपत्रावर वाकून बसले होते, काकू कोपऱ्यात पाकिटांवर पत्ते चिकटवत होत्या. मी सगळं सांगितलं : रकाना कशासाठी आहे, तो कोण वाचतं, गेल्या अडतीस वेळा त्यांनी काय वाचलं असेल. पट्टीवाले मान वर न करता कानस फिरवत राहिले. माझं संपलं तेव्हा त्यांनी हातातली पट्टी वाजवून कानाशी नेली आणि बाजूला ठेवली. ती वाया गेली होती.

"अडतीस," ते म्हणाले.

"हो."

"ती परत देता येत नाहीत."

"नाही. हे नवीन मात्र येईल. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत."

"मग तिथे लिहायचं काय असतं?" काकूंनी विचारलं.

"गाणं चांगलं का आहे ते."

"कुणी लिहायचं?"

"काकांनी."

काकू हसल्या नाहीत. "मग अवघड आहे," त्या म्हणाल्या आणि पुढचा पत्ता चिकटवला.

अवघड किती आहे ते मला जिना उतरताना काकूंनी सांगितलं. कॅशियरबाईंना मोठ्या कंपनीनं बोलावलं होतं. तीन वर्षांचा करार, नवी गाणी सगळी त्यांची. भेट ठरली होती ती गाणं बाहेर पडेल त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी. बाई दोन दिवसांपूर्वी येऊन सरळ बोलून गेल्या होत्या : हे एकोणचाळिसावं. हे तरी कुठल्या यादीत लागलं तर राहीन, नाहीतर आता वाट बघायचं माझं वय नाही. त्यावर पट्टीवाले म्हणाले होते, मी दर वेळी फॉर्म व्यवस्थित भरतो, त्यांनाच आवडत नसेल तर काय करणार.

"तसं म्हणाले ते तिला," काकू म्हणाल्या. "सहा वर्षं तसंच म्हणतात. आणि ती पोरगी घरी जाऊन गाण्यात खोट शोधते."

पोरगी म्हणजे अठ्ठावन्न वर्षांच्या कॅशियरबाई.

गुरुवारी मी ऑफिस सुटल्यावर गेले. गाणं तोवर ऐकलं होतं. नोकरीसाठी दूर गेलेल्या मुलीच्या खोलीत काय काय राहिलंय त्याची ती यादी होती. पहिल्या कडव्यात दोन हेअरपिना आणि कपाटाची किल्ली, दुसऱ्यात तेलाची अर्धी बाटली, तिसऱ्यात छत्री. कुठे रडणं नाही, हुंदका नाही. आवाज असा की कुणी सामान तपासून घेतंय.

पट्टीवाल्यांच्या पुढे आज पट्ट्या नव्हत्या, वही होती. पहिल्या पानावर एक ओळ होती : 'गाणं बेसूर नाही.' ती खोडलेली नव्हती. ती त्यांना पुरेशी वाटत होती, पण काकूंना वाटत नव्हती.

चष्मेवालाही मदतीला वर आला होता. त्याला लग्नसमारंभात भाषण करायची सवय होती.

"लिहा," तो म्हणाला. "काळजाचा ठाव घेणारा, मधाळ, स्वर्गीय आवाज."

"स्वर्गीय मेलेल्याला म्हणतात," पट्टीवाले म्हणाले. "बाई फक्त रिटायर झाल्यात."

"मग दैवी लिहा."

"ते खाली तुमच्या पाटीवर लिहा. दैवी चष्मे."

चष्मेवाला चहा झाल्यावर खाली गेला.

फॉर्मात भावही निवडायचा असतो. दिलेल्या पाचांतला एक. आनंदी, उदास, प्रेमळ, शांत, जोमदार. पट्टीवाल्यांनी यादी दोनदा वाचली.

"यातलं कुठलंच नाही."

"एक तरी निवडावा लागतो, काका."

"ती सामान मोजतेय. मोजण्याला काय म्हणतात?"

आम्ही 'शांत' निवडलं. ते त्यांना पटलं नाही, पण खोटंही वाटलं नाही.

मग त्यांनी वहीचं दुसरं पान उघडून दिलं. आदल्या दिवशी बसून त्यांनी ते पूर्ण केलं होतं. सुरुवात 'सा. न. वि. वि.' अशी होती. मग कंपनीचं वय, कॅसेटच्या काळातल्या गायकांची माहिती, गाद्या कुठून आणल्या, चष्मेवाल्याचं यंत्र, दुकानाचा पत्ता, येण्याची वेळ, आणि शेवटी 'कळावे'. प्रत्येक अक्षराखाली पेन्सिलीनं टिंब होतं. बरोबर पाचशे टिंबं.

मी ते फॉर्मात टाइप केलं. निम्म्यात रकाना भरला आणि पुढचं उमटेना.

"मोडलं का यंत्र?" पट्टीवाल्यांनी विचारलं.

"नाही. यंत्र वेगळं मोजतं. छत्री किती अक्षरं?"

"दोन."

"यंत्र पाच मोजतं. छ, त, पाय मोडल्याची खूण, र आणि वेलांटी."

"वेलांटी अक्षर नाही."

"यंत्राला आहे. दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा त्याला अक्षर वाटते."

त्यांनी काँप्युटरकडे पाहिलं. गायकानं तान चुकवून वर मान डोलावली की ते ज्या नजरेनं पाहायचे, ती ही. "मोकळ्या जागेला अक्षर म्हणतात," ते म्हणाले, "आणि बाईंचं ऐकायला यांना वेळ नाही."

कापायचं ठरलं. आधी पत्ता गेला, मग येण्याची वेळ, मग गाद्या. चष्मेवाल्याचं यंत्र जाताना काकूंनी 'बरं झालं' म्हटलं. कॅसेटच्या काळातले चार गायक एका फटक्यात गेले. 'सा. न. वि. वि.' बराच वेळ टिकलं आणि मग तेही गेलं. 'कळावे'ला हात लावू दिला नाही. सगळं कापून झाल्यावर लक्षात आलं की रकान्यात भरपूर जागा आहे आणि गाण्याबद्दल एकही वाक्य नाही.

"तुम्ही जा आता," पट्टीवाले मला म्हणाले. "उद्या दुपारी या."

शुक्रवारी मी साडेतीनला पोचले. वहीच्या नव्या पानावर एकच परिच्छेद होता. तो मी जसाच्या तसा देते :

'हे गाणं चार वेळा घेतलं. पहिल्या वेळी तिसऱ्या कडव्यात "छत्री" या शब्दावर बाईंचा सूर किंचित उतरला. गाणं संपल्यावर मी पुन्हा म्हणायला लावलं. पुढच्या तिन्ही वेळा तो बरोबर लागला. ठेवलं आहे ते पहिलं. मी बत्तीस वर्षं वाद्यांचे सूर लावतो. उतरलेला सूर तसाच ठेवण्याची ही पहिलीच वेळ. बरोबर लागला तेव्हा ती छत्री कुणाचीही वाटत होती. उतरला तेव्हा ती बाईंच्या मुलीची वाटली. पट्टी पांढरी पाच. कळावे.'

मी ते दोनदा वाचलं. मग काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "हे असंच घडलं?"

"खोटं लिहायला जागा कुठे आहे?" ते म्हणाले. "भरली किती?"

"चारशेच्या आत."

"उरलेली शंभर पुढच्या गाण्याला मिळतात का?"

"नाही."

मी पाठवायचं बटण दाबायला गेले तर त्यांनी हात आडवा धरला. "बाई येतायत. त्यांच्याबद्दल लिहिलंय, त्यांनी वाचल्याशिवाय नाही."

"आणि ते दुसरं?" काकू म्हणाल्या.

"तेही सांगतो."

कॅशियरबाई सव्वाचारला आल्या. चप्पल काढताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, काकूंनी खुर्ची पुसून दिली तेही पाहिलं.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. बसा," पट्टीवाले म्हणाले, आणि एका दमात सांगून टाकलं. रकान्यात काय लिहायचं असतं. आपण काय लिहीत आलो. पहिली चोवीस, पुढची चौदा.

बाईंनी खांद्यावरची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "काळी चार."

"हो."

"माझ्या गाण्याबद्दल तुम्ही एवढंच कळवलंत. काळी चार."

"चूक नव्हतं ते."

"अहो मालक, मी घरी आरशासमोर उभी राहून तोंड कसं उघडतं ते बघायचे. म्हटलं, उच्चारात काही असेल. सुनेला विचारायचे. ती म्हणायची, आई, हल्ली लोकांना संथ आवडत नाही. मी दोन गाणी नाचरी केली त्यापायी. आठवतायत?"

"आठवतात," पट्टीवाले म्हणाले. "ती तेवढी वाईट होती."

काकूंनी कपाळाला हात लावला. बाई मात्र चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "होतीच." मग हात पुढे केला. "बघू, या वेळी काय लिहिलंय."

त्यांनी चष्मा लावून वाचलं. बँकेत स्लिप तपासत असतील तसं, बोट फिरवत, परत वर जाऊन. दुसऱ्यांदा वाचून झालं तेव्हा त्यांचा चेहरा अडतीस गाण्यांच्या वेळी झाला नव्हता तेवढा लाल झाला.

"छत्रीवर मी उतरले?"

"पाव स्वर."

"आणि तुम्ही ते ठेवलंत. मला म्हणालात, चौथं घेतलंय."

"चौथं घेतलं होतंच. ठेवलं पहिलं."

"मला न सांगता."

"सांगितलं असतं तर तुम्ही ठेवू दिलं नसतं."

"अर्थात नसतं. गाणं कुणाचं आहे? उद्या जगभर ऐकू जाणार, ही बाई छत्रीवर बेसूर आहे म्हणून. वर तुम्ही ते लेखी कळवताय."

"जगभर नाही," पट्टीवाले म्हणाले. "यादीत घेतलं तर."

घड्याळात पावणेपाच झाले होते. खाली भिंग घासायचं यंत्र सुरू होतं. बाईंनी आतल्या खोलीकडे मान वळवली. "दोन्ही ऐकवा."

त्या कानाला हेडफोन लावून स्टुलावर बसल्या. पट्टीवाल्यांनी आधी चौथं लावलं, मग पहिलं. मग बाईंनी बोटानं खूण केली आणि पुन्हा चौथं, पुन्हा पहिलं. असं पाच वेळा झालं. आम्हाला बाहेर काही ऐकू येत नव्हतं. दारातून त्यांची पाठ तेवढी दिसत होती, आणि एका ठरावीक जागी ती थोडी पुढे जायची. चौथ्याला नाही, पहिल्याला.

हेडफोन काढून त्या बाहेर आल्या.

"मुलगी ओळखेल," त्या म्हणाल्या. "तिच्या लगेच लक्षात येईल."

"मग चौथं देऊ?" पट्टीवाल्यांनी विचारलं. हे विचारताना त्यांचा आवाज त्यांच्या नेहमीच्या पट्टीत नव्हता, एवढं मलाही कळलं.

बाई चपला घालायला लागल्या. एक घातली, दुसरी शोधली. "पाठवा तेच," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या शनिवारी मी जाणार आहे. बोलावलंय, तर जाणार. हे वाचून थांबले असं समजू नका."

पाच वाजून चाळीस मिनिटांनी मी बटण दाबलं.

पुढच्या शुक्रवारी गाणं बाहेर पडलं आणि कुठल्याही यादीत लागलं नाही. संपादक उत्तर देत नाहीत. नाही लागलं हेच उत्तर. महिनाभरानं ते 'आवराआवर करताना' नावाच्या यादीत बावन्नाव्या जागी आलं आणि अकरा दिवस राहिलं. त्या अकरा दिवसांत सहा वर्षांत ऐकलं नव्हतं इतक्या लोकांनी बाईंना ऐकलं, आणि एकानं छत्री कुठल्या रंगाची होती असं विचारलं. पण त्या शनिवारी यातलं काहीच झालेलं नव्हतं. बाई इस्त्रीची साडी नेसून मोठ्या कंपनीत गेल्या. पट्टीवाल्यांनी दिवसभरात एका पेटीच्या सगळ्या पट्ट्या काढल्या आणि सगळ्या परत बसवल्या. पेटी दुरुस्तीची नव्हती, त्यांची स्वतःची होती.

सोमवारचं मला काकूंनी सांगितलं आणि नंतर बाईंनीही. दोघींच्या सांगण्यात फरक नव्हता.

बाई दुपारी एक वाजता आल्या. चष्मेवाल्याचं यंत्र नुकतंच थांबलं होतं.

"काय म्हणाले?" काकूंनी विचारलं. पट्टीवाल्यांनी विचारलं नाही.

"काचेची खोली आहे," बाई म्हणाल्या. "मी तीस वर्षं काचेतच होते, त्यामुळे काही वाटलं नाही. एक तरुण मुलगा होता, गळ्यात हेडफोन. म्हणाला, मॅडम, दोन ओळी होऊन जाऊ देत. मी छत्रीचं कडवं म्हटलं. मुद्दाम उतरवून. पाव नाही, चांगला अर्धा स्वर. एकच शब्द नाही, सगळं कडवं."

पट्टीवाल्यांनी कानस खाली ठेवली. "मग?"

"ऑसम म्हणाला."

"अर्धा स्वर?"

"अर्धा. मला वाटलं, भीड पडली असेल बिचाऱ्याला. म्हणून दुसऱ्यांदा नीट म्हटलं, अगदी चौथ्यासारखं. तेव्हाही ऑसमच."

पट्टीवाल्यांच्या दृष्टीनं हे एखाद्या अपघातासारखं होतं.

"पिच लिहायला त्यांच्याकडे वेगळा माणूस आहे," बाई पुढे म्हणाल्या. "दिवसाला चाळीस लिहितो. त्यानं माझी लिहूनच ठेवली होती, फाइलमधून काढून दाखवली. चांगली होती हो. मधाळ वगैरे. पण मागच्या-पुढच्या पानावरच्याही तशाच होत्या. मधलं पान गळून पडलं असतं तर मला माझी ओळखून उचलता आली नसती."

"सही केली?" काकूंनी विचारलं.

"स्क्रीनवर बोटानं करायची म्हणे. मी म्हटलं, विचार करून सांगते. आज सकाळी फोन करून नाही म्हणून सांगितलं." बाई खुर्चीत बसल्या. "इथे राहते. पण माझी एक अट आहे, मालक. चार वेळा गायले तर चारांतलं कुठलं ठेवायचं ते मी ठरवणार."

"नाही," पट्टीवाले म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"तुम्ही दर वेळी चौथं ठेवाल."

"आणि तुम्ही दर वेळी उतरलेलं ठेवाल, एकदा चटक लागलीय म्हणून."

"दर वेळी नाही. तसं उतरता आलं पाहिजे."

बाईंनी यावर बराच विचार केला. मग म्हणाल्या, "बरं, दोघांनी मिळून ठरवायचं. आणि काय ठेवलं ते मला त्याच दिवशी कळलं पाहिजे. फॉर्ममधून नाही."

"चालेल."

"आणि दोघांचं जमलं नाही तर?"

"तर तिसऱ्या माणसाला विचारू," पट्टीवाले म्हणाले आणि काकूंकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं.

काकू पाकिटं चिकटवत होत्या. "त्या दिवशी तुम्ही गेल्यावर यांनी मला दोन्ही ऐकवली ना," त्या म्हणाल्या. "मला काही फरक कळला नाही. दोन्ही छान होती."

तेव्हा दोघांचं लगेच एकमत झालं की काकूंना विचारायचं नाही.